मोटार जळाली आहे, सोमवारपर्यंत पाणी नाही

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मी पहिल्यांदा लिहिलं ते एवढंच: ‘विहिरीवरची मोटार जळाली आहे. सोमवारपर्यंत नळाला पाणी येणार नाही.’ खाली तारीख आणि सही. तास झाला नसेल, सरपंचांचा फोन आला. “वहिनी, हे काय लिहून ठेवलंय? विरोधकांच्या हातात आयतं कोलीत दिलं की!”

मला आधी हसूच आलं. चार दिवसांपासून अख्ख्या गावाचे नळ कोरडे होते. विरोधकांच्या घरी काय वेगळी पाइपलाइन होती?

मी खडू हातात घेतला त्याला कारण होती आमच्या गल्लीतली एक म्हातारी. आदल्या दिवशी सकाळी ती रिकामी घागर घेऊन आली आणि घागर माझ्या अंगणात तुळशीपुढं ठेवून बसली. मी तयारीत होते. आता शिव्या, मग मतांचा हिशोब, मग पुढच्या वेळी बघून घेते. तसं काही झालं नाही. ती म्हणाली, “बाई, पानी नसंल तर नाही म्हून सांगा की. रोज पाटं चारला उठून नळापशी बसायलेय मी. नाही म्हणलं असतं तर लेकीच्या गावाला तरी गेले असते.”

मोटार जळाल्याचं मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. सरपंचांना, ग्रामसेवकांना, पाणी सोडणाऱ्या वॉलमन मामांना, सगळ्यांना माहीत होतं. आम्ही दुरुस्तीच्या मागे पळत होतो आणि आपण काम करतोय असं प्रामाणिकपणे समजत होतो. म्हातारी मात्र चार दिवस अंधारात नळाला हात लावून बसत होती.

मी 2021 च्या जानेवारीत पंच म्हणून निवडून आले. जागा महिलेसाठी राखीव होती, घरातले म्हणाले उभी राहा, राहिले. थेट जनतेतून सरपंच निवडायची पद्धत तेव्हा बंद झालेली होती, शिवाय सरपंचपदाचं आरक्षण निकालानंतर निघालं, त्यामुळे पहिले काही दिवस गावात नुसती कुजबुज होती. तेव्हाच एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या गावात बातमी पळते, माहिती चालतसुद्धा नाही. कोण कुणाच्या गाडीत बसून तालुक्याला गेलं हे दहा मिनिटांत सगळीकडं. घरकुलाच्या यादीतून कुणाचं नाव का कटलं हे दोन वर्षांत त्या माणसालाही नाही.

याचं थोडं कारण गावाच्या नकाशात आहे असं मला वाटतं. आमचं गाव तेरणा नदीकाठचं, पुनर्वसित. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपले असताना भूकंप झाला आणि लातूर-धाराशिवच्या या पट्ट्यातली हजारो माणसं दगडमातीखाली गेली. 52 गावं उठवून दुसरीकडं नव्यानं वसवली, त्यातलं हे एक. मी लग्न होऊन आले 1999 साली, म्हणजे जुनं गाव मी फक्त ऐकलंय. आत्याबाई सांगतात, माळवदाला माळवद लागलेलं होतं. उन्हाळ्यात माळवदावर झोपायचं आणि या घरचं बोलणं पाच घरं ऐकायची. हलगीवाला वेशीत उभा राहून ‘ऐका हो ऐका’ म्हणाला की मारुतीच्या पारापर्यंत आवाज जायचा. कुणाला सांगायला जायची गरजच नव्हती, गावच तसं रचलेलं होतं.

नवं गाव म्हणजे आखीव चौकोन. रुंद रस्ते, सुटी सुटी घरं, भूमिहीनाला 250 चौरस फूट आणि मोठ्या शेतकऱ्याला 750. मोकळं ठेवणंच शहाणपणाचं होतं, जुन्या अरुंद बोळांत माणसं कशी अडकली ते ज्यांनी पाहिलं त्यांना याबद्दल वेगळं सांगायला नको. पण या मोकळ्या जागेत हलगी विरून जाते. देवळाचा भोंगा आहे, तर वारं उलटं असलं की घरांच्या शेवटच्या दोन ओळींना ‘ग्रामस्थांना कळविण्यात येते की’ एवढंच कळतं, काय ते कळत नाही. हे मी विनोदानं लिहीत नाही. लसीकरणाचा एक दिवस आमच्या मागच्या ओळीनं असाच घालवलाय.

आता माझ्या आईबद्दल सांगते, कारण फळ्याची अक्कल मुळात तिच्याकडून आलेली.

माझं माहेर औसा तालुक्यात. तिथं भूकंपानं घरं तडकली, पण गाव हलवायची वेळ आली नाही. अशा गावांत जागतिक बँकेच्या कर्जातून घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण सुरू झालं. लोकांना समजावून सांगायचं, लोकांचं सरकारला सांगायचं, यासाठी गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं होतं. प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यामागे होती. आई त्यातली एक. सातवी शिकलेली, डोक्यावरचा पदर न पडू देणारी बाई हातात टेप घेऊन लोकांच्या भिंती मोजायला लागली, तेव्हा आजोबा आठ दिवस तिच्याशी बोलले नव्हते.

आईची वही माझ्याकडे आहे. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडं बायकांनी विचारलेलं, उजवीकडं ‘काय सांगितलं’. डावीकडचा एक प्रश्न मला फार आवडतो: ‘भिंतीला भोकं पाडल्यावर ती बळकट कशी होणार?’ बरोबरच होतं तिचं. दगडमातीच्या जाड भिंतीला आरपार भोक घेऊन त्यात सिमेंट-सळईचा बंध भरायचा, म्हणजे भिंतीचे आतले-बाहेरचे दोन पदर सुटे होऊन ढासळत नाहीत, असा तो प्रकार. इंजिनिअरनं नकाशा दाखवून सांगितलेलं कुणाला पटलं नव्हतं. आई उत्तर घेऊन परत त्या बाईच्या घरी गेली आणि तिला गोधडी दाखवली. टाके आरपार असतात म्हणून तर वरचा कपडा आणि खालचा कपडा एकत्र राहतो. वहीत उजवीकडं फक्त ‘गोधडी’ एवढाच शब्द आहे.

त्या वहीत काही पानांवर उजवी बाजू रिकामी आहे. आईला एकदा विचारलं, तर म्हणाली, “उत्तर मिळालं न्हाई, पण मी जाऊन सांगितलं की अजून मिळालं न्हाई म्हून. ते काय लिहायचं?” मी पंच झाल्यावर पहिली तीन वर्षं नेमकं हेच केलं नव्हतं. लोक विचारायचे, मी ‘बघते’ म्हणायचे. ‘बघते’ हा आमच्या राजकारणातला सर्वांत जास्त वापरून झिजलेला शब्द असावा.

ग्रामसभेबद्दल लोक मोठं बोलतात, म्हणून आमच्याकडची ग्रामसभा कशी चालते तेही सांगते. कायद्यानं वर्षात चार. रिवाज 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. कोरम म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल ते. आमच्याकडं झेंडावंदनाला दोनशे माणूस असतं, जिलेबी वाटली की तीस. मग कोरमअभावी सभा तहकूब. आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. त्यामुळे पुढच्या आठवड्यात जे सतरा-अठराजण येतात ते गावाचं ठरवतात, आणि रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरतं. मीही सासऱ्यांची सही घेतलीय, त्यांनी ठराव वाचला नव्हता आणि मी वाचूनही दाखवला नव्हता.

महिला सभा त्याआधी घ्यायची असते. आमची 25 जानेवारीची महिला सभा म्हणजे हळदीकुंकू. वाण घ्या, इथं सही करा. मी ते मोडायला गेले नाही, बायका वाणासाठी का होईना येतात. फक्त वाण शेवटी ठेवलं. आधी प्रत्येकीनं एक गोष्ट विचारायची. पहिल्या वर्षी अर्धा तास कुणी तोंड उघडलं नाही, कारण सरपंच, ग्रामसेवक आणि दोन दीर समोर खुर्च्यांवर बसलेले. दुसऱ्या वर्षी खुर्च्या उचलून व्हरांड्यात लावल्या. तेव्हा पहिला प्रश्न आला तो थेट पैशाचा. “नाल्या झालेल्या असून परत नाल्याच कामून करायलेत? मागच्या ओळीचा रस्ता का होईना?”

मी सांगितलं, पण मलाही ते नीट कळलेलं नव्हतं. घरी जाऊन कागद काढले, ग्रामसेवकांकडून समजून घेतलं. पंधराव्या वित्त आयोगाचा जो निधी तेव्हा केंद्राकडून यायचा त्यातला 60 टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. नाली त्यात बसायची, रस्ता बसत नव्हता. उरलेला 40 टक्के अबंधित, त्यातून रस्ता होऊ शकत होता, पण पगार त्यातूनही देता येत नव्हता. मग वॉलमन मामांचा पगार कशातून? तो बराचसा आपल्याच घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीवर लटकलेला.

इथं मला एकदम उजेड पडला. पाणी वेळेवर येत नाही म्हणून लोक पाणीपट्टी भरत नाहीत. पाणीपट्टी नाही म्हणून मामांचा पगार चार-चार महिने थकतो. पगार थकला की मामा दुसऱ्याच्या शेतात रोजानं जातात आणि पाणी सोडायला उशीर होतो. हे चक्र गावात कुणालाच पूर्ण माहीत नव्हतं. लोकांना मामा कामचुकार वाटत होते, मामांना लोक बुडवे वाटत होते. पंचायतीतल्या आम्हा नऊजणांपैकीही कुणी हे दोघांना एका जागी बसवून सांगितलं नव्हतं. पैशाचा सगळा हिशोब ई-ग्रामस्वराजच्या पोर्टलवर असतो, कुणीही पाहू शकतं, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. पाहू शकतं हे खरं. आमच्या गल्लीत कुणी पाहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

‘मग व्हॉट्सअॅप ग्रुप करा की’ असं प्रत्येकजण सुचवतो. केला होता. आधी फक्त अॅडमिननं लिहायचं असा होता, तेव्हा त्यात वाढदिवसाचे बॅनर आणि सरपंचांचे सत्काराचे फोटो. टीका झाल्यावर सगळ्यांना खुला केला, तर दोन दिवसांत भांडणं. आणि गंमत अशी की सर्वांत जास्त ओरडायची ती पोरं पिंपरी-चिंचवडला कंपन्यांत कामाला. गावात पाणी आलंय का हे त्यांना आईला फोन करून विचारावं लागायचं. तिच्याकडं साधा फोन, ती ग्रुपमध्ये नाही. म्हणजे ज्यांना पाणी भरायचं त्या ग्रुपबाहेर आणि ज्यांना भरायचं नाही ते ग्रुपमध्ये वाघ. ग्रुप अजून आहे. सकाळी त्यात सूर्य उगवतो आणि फुलं उमलतात.

म्हणून फळा. पंचायतीच्या भिंतीवर तो आधीपासून होता, त्यावर ‘स्वच्छ गाव सुंदर गाव’ ऑइलपेंटनं लिहून टाकलेलं. मी तो काळा करून घेतला. मोटारीच्या प्रकरणानंतर सरपंचांशी बोलणं झालं. ते वाईट माणूस नाहीत, खोटं कशाला बोलू. त्यांचं म्हणणं होतं की झालेलं लिहा, न झालेलं कशाला. मी म्हणाले, झालेलं लोकांना दिसतंच. शेवटी तडजोड झाली: डावीकडं ‘झालं’, उजवीकडं ‘अडलं’. मधोमध आईच्या वहीतली रेघ.

फळ्यानं लगेच चमत्कार वगैरे केला नाही. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी ‘अडलं’खाली सरपंचांचं नाव लिहून ठेवलं. ते पुसलं, तर माझं लिहिलं. आणि माझी स्वतःची मोठी चूक झाली ती त्याच उन्हाळ्यात. मोटार परत बिघडली. वायंडिंगवाला म्हणाला, रविवारी नक्की. मी लिहिलं, ‘रविवारी पाणी येईल.’ रविवारी पाणी आलं नाही आणि लोक आधीच्या चार दिवसांपेक्षा त्या एका दिवसाला जास्त चिडले. बायका घागरी घेऊन थेट माझ्या दारात. त्यांचं चुकलं नव्हतं, लोकांनी माझ्या शब्दावर रविवारी कपड्यांच्या बुट्ट्या भरून ठेवल्या होत्या. तेव्हापासून मी लिहायची रीत बदलली. ‘मोटार दुरुस्तीला लातूरला नेली आहे. मेकॅनिक रविवार म्हणतो. शनिवारी संध्याकाळी फोन करून इथं लिहीन.’ पाणी कधी येईल ते माझ्या हातात नव्हतं. शनिवारी संध्याकाळी फळ्यापाशी जाणं माझ्या हातात होतं.

सगळ्यात अवघड गेलं ते घरकुलाचं. माझे एक चुलत दीर आहेत. भूकंपानंतर मिळालेलं घर वाटणीत थोरल्याकडं गेलं, हे पत्र्याच्या शेडमध्ये. पंतप्रधान आवास योजनेतल्या घरकुलाच्या ‘ड’ यादीत त्यांचं नाव होतं, मग नव्हतं. कुणी सांगितलं, वरून कटलं. कुणी म्हणालं, अमक्यानं कापलं. दोन वर्षं ते ज्याला त्याला विचारत राहिले आणि शेवटी त्यांनी ज्यांच्यावर संशय धरला त्या घराशी बोलणं टाकलं. भावकीतलंच घर. मी पंचायत समितीत तीन चकरा मारल्या. एका ऑपरेटरनं स्क्रीन वळवून दाखवली. कुटुंबात मोटारसायकल आहे, म्हणून निकषात अपात्र. पोरानं दूध घालायला हप्त्यावर घेतलेली जुनी गाडी.

हे त्यांना जाऊन सांगणं मी पंधरा दिवस टाळलं. ‘बघते’वर ढकलत राहिले. शेवटी गेले आणि सांगितलं. ते बराच वेळ शेडच्या पत्र्याकडं बघत बसले. मग म्हणाले, “म्हंजी कुनी कापलंच नव्हतं?” मला वाटलं होतं गाडीवरून चिडतील, नियमाला शिव्या देतील. त्यांना दोन वर्षं कुणाशी वाकडं धरलं याचंच वाईट वाटत होतं. पुढं 2024 मध्ये दुचाकीचा तो निकष काढून टाकला आणि नवीन सर्वेक्षण आलं, तेव्हा नाव नोंदवायला आमच्या वॉर्डातून पहिले तेच आले. कारण आपलं नाव कशापायी गेलं होतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाकीचे दहा-बाराजण ‘आपलं कटतंच’ म्हणून घरीच बसले होते. त्यांच्याकडं मग मी आणि दीर मिळून गेलो. यादीतून वगळलेल्यांची नावं कारणांसह फळ्यावर लिहायची का, यावर आमची पंचायतीत बरीच वादावादी झाली. मी लिहू नका म्हणाले. चारचौघांत भिंतीवर कुणाची गरिबी कशाला मांडायची? ते घरी जाऊनच सांगावं लागतं.

मधल्या काळात एका शिकलेल्या पोरानं माहिती अधिकारात अर्ज टाकला. तीन वर्षांच्या पाणीपुरवठ्याच्या खर्चाची बिलं. पंचायतीत अशी धावपळ, जणू धाड पडली. 30 दिवसांची मुदत, कपाटं उघडली, फायलींना वाळवी. त्याच कायद्याच्या कलम 4 मध्ये लिहिलंय की अशी माहिती कुणी मागायची वाट न बघता आपणहून जाहीर करायची. पोराला मी विचारलं, तुला नेमकं काय पाहिजे होतं? तो म्हणाला, “मोटार एका वर्षात तीनदा का जळते ते.” उत्तर सोपं होतं. व्होल्टेज पडतं आणि स्टार्टरमधलं संरक्षण बायपास केलेलं होतं, नाहीतर मोटार सारखी बंद पडते म्हणून. हे मामांना माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मामा पहिल्यापासून फळ्याच्या विरोधात. “पानी सोडायचं का फळं लिहायचं?” पाणी सोडण्याच्या वेळा लिहा म्हटलं की ते चावी खिशात टाकून निघून जायचे. मला वाटायचं अक्षराची लाज असेल, नंतर कळलं भीती होती. वेळ लिहिली की ती पाळावी लागते आणि लाइट आमच्याकडं कधी असते कधी नसते. तेही खरंच होतं. म्हणून वेळ कधी लिहिलीच नाही, नुसतं ‘आज खालची ओळ, उद्या वरची’ एवढंच लिहीत राहिलो.

पाच वर्षं संपली. खुर्ची गेली म्हणावं तर खुर्ची प्लास्टिकची, तीही कुणीतरी लग्नाला नेलेली होती. परवा दळण घेऊन येताना पंचायतीवरून आले. फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं, अक्षर विळ्याच्या टोकासारखं वाकडं, ‘अडलं’च्या बाजूला:

‘गुरवारी माज्या पोरीचं लगीन हाय. पानी सांच्याला सुटंल. समद्यांनी यावं.’